केबिनवाला मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय, पण काजूखालून जाणार कसा?

पत्र: नमस्कार दादा. आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो. घरची पाच एकर, त्यात दीड एकर भात, एक एकर पोफळीचं कुळागर आणि बाकी सगळा उतारावरचा काजू. आतापर्यंत पॉवर टिलर आणि भाड्याचा ट्रॅक्टर यावरच चाललं. बाबा ६४ वर्षांचे आहेत, दम्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय, पण ट्रॅक्टर आला तर मीच चालवणार असा त्यांचा हट्ट. माझा मेव्हणा कॅनडात असतो, त्याने तिथल्या छोट्या ट्रॅक्टरचे फोटो पाठवले, पूर्ण बंद केबिन, आत एसी. तसाच इथे घ्यावा असं मनात आहे, बजेट आठ लाखांपर्यंत. कुठला घेऊ? इथे मिळत नसेल तर मेव्हणा म्हणतो तिकडचा सेकंडहँड कंटेनरमधून पाठवतो. नाहीतर साधा घेऊन वर केबिन बसवून घेऊ का?
– सत्तरीतला वाचक

उत्तर: पत्र वरवर चाळलं तेव्हा मी मनात म्हटलं की झालं, आणखी एकाला एसीचं वेड लागलं. मग बाबांच्या दम्याचं वाचलं आणि गप्प बसलो. म्हणजे ही चैन नाय, कारण खरं आहे, तेव्हा उत्तरही नीट द्यायला पाहिजे.

आधी मेव्हण्याच्या फोटोंचं बघू. ते खोटे नाहीत, तिकडे कुबोटाच्या एलएक्स सिरीजमध्ये २५ एचपीच्या आसपास कंपनीचीच केबिन मिळते, जॉन डिअरच्या थ्री-आर मध्येही मिळते. पण ती कशासाठी? तिकडे हाच ट्रॅक्टर थंडीत पुढे बर्फ उडवायचं मशीन लावून पहाटे दारातला रस्ता मोकळा करतो, बाहेर उणे वीस, आत हीटर, आणि उन्हाळ्यात तासन्‌तास मोकळ्या सपाट जागेत गवत कापत फिरतो. त्या माणसाला केबिन ही गरजच आहे. आपल्याकडे बर्फ नाय आणि तुमच्याकडे सपाट जागा नाय.

आपल्या देशात कंपनीची एसी केबिन पाहिजे तर ती साधारण ५० एचपी आणि त्याच्या वरच्या ट्रॅक्टरला येते, जॉन डिअर ५३१० ला आहे, महिंद्राच्या नोवो मध्ये आहे, आणखीही एकदोन कंपन्या देतात. वजन दोन टनाच्या वर, किंमत तुमच्या बजेटच्या बरीच वर. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या इंजिनांना धुराच्या प्रदूषणाचा ट्रेम-४ नियम लागू झाला, म्हणजे कॉमन रेल इंजिन, सेन्सर, वायरिंग, काही बिघडलं की पान्याच्या आधी लॅपटॉप लागतो. तो ट्रॅक्टर तुमच्या दीड एकर भातात उतरला की अर्धा वेळ वळवण्यातच जाईल, आणि कुळागरात तर शिरणारच नाय. पोफळी नऊ-नऊ फुटांवर असतात, मध्ये पाट, मध्ये केळी, मिरीचे वेल चढवलेले. तिथे तीन-साडेतीन फूट रुंदीचाच ट्रॅक्टर फिरतो, तोही चालवणाऱ्याचा हात बसलेला असेल तर.

म्हणजे तुम्हाला परवडेल आणि तुमच्या जागेत मावेल असा कंपनीच्या बंद केबिनचा ट्रॅक्टर आपल्या शोरूममध्ये ठेवलेला दिसायचा नाय. राहतं काय, तर साधा मिनी घेऊन वर केबिन बसवणं. ते मी केलंय, म्हणून त्याच्यावर जरा जास्त बोलतो.

बरीच वर्षं झाली, माझ्याकडे २७ एचपीचा होता. एका फॅब्रिकेटरकडून पाइप आणि पत्र्याची केबिन करून घेतली, पुढे काच, दोन बाजूंना दारं, वर पंखा. पहिल्या दिवशी गाव बघायला आलं. दुसऱ्या दिवशी काजूत घातला आणि फांदी केबिनच्या वरच्या कोपऱ्यात अडकली, मी क्लच दाबेपर्यंत पुढची चाकं हलकी झालेली मला सीटवर कळली. काही झालं नाय, पण हात पंधरा मिनिटं कापत होते. मग पावसाळा. चिखलणीला दर दहा मिनिटांनी उतरावं लागतं, बांधाची मेर आली की उतर, रोटरमध्ये पेंढा गुंडाळला की उतर, दार उघड दार लाव, बुटाला लागलेला सगळा चिखल आत, काच आतून धूसर, वायपर बाहेरून फिरतोय आणि मी आतून फडक्याने पुसतोय. ट्रॅक्टर उतारावर डोलायला लागला कारण वर दीडशे-दोनशे किलो चढवलेले. दोन वर्षांत केबिन उतरवली. तिचं दार आता आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे, आणि खरं सांगतो, तिथे उत्तम चालतंय.

हसण्यावारी नेऊ नका, वजनाची गोष्ट गंभीर आहे. मिनी ट्रॅक्टर स्वतःच साडेसहाशे ते हजार किलोचा. त्याच्या डोक्यावर केबिन, काचा आणि एसी ठेवला की गुरुत्वमध्य वर जातो आणि तुमचा काजू उतारावर आहे. घरगुती केबिन ट्रॅक्टर उलटल्यावर टिकेल की चेपेल हे कोणी तपासलेलं नसतं. कंपनीने मागे दिलेली लोखंडी कमान, जिला रोप्स म्हणतात, ती तपासलेली असते, आणि केबिन बसवताना फॅब्रिकेटर बरोबर तीच कमान कापतो किंवा काढून ठेवतो. वरून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाय, म्हणजे उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच बोट दाखवेल. आणि एसी? त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच दोन-तीन एचपी खातो. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर, त्याहून कमीच मिळतात, त्यातून एवढी गेली की चिकट चिखलात रोटर दमणार आणि मग एसी बंद करून दार उघडं ठेवून चालवणार, मी तसे बघितलेत.

आता बाबांचा दमा. इथे तुम्ही कागद घेऊन बसा आणि वर्षभरात ट्रॅक्टर कुठे कुठे, किती तास चालणार ते लिहा, आणि प्रत्येकाच्या पुढे लिहा की तिथे धूळ असते का. तुम्हालाच नवल वाटेल. घाटावर उन्हाळ्यात कोरडी नांगरट करतात, ढेकळं फुटतात, ट्रॅक्टरच्या मागे धुळीचा ढग, तिथे केबिन म्हणजे देवदूत. आपल्याकडे जूनमध्ये पाणी भरलं की चिखलणी, तिथे धूळ कुठली? वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करत असाल तर डिसेंबरात परत चिखलच. कुळागरात बारा महिने ओल. धूळ येते ती तीन ठिकाणी, एक भाताची मळणी, दुसरं काजूखालचा सुका पाला मार्चमध्ये साफ करताना, आणि तिसरं ट्रॉली घेऊन लाल मातीच्या रस्त्यावरून जाताना. मळणीच्या वेळी बाबांनी ट्रॅक्टरवरच काय, खळ्याच्या आसपासही असू नये, तुसाचा तो बारीक भुगा केबिनवाल्यालाही उतरल्यावर मिळतोच. राहिलेल्या दोन कामांना सीट तुम्ही घ्या. पहिला चांगला पाऊस पडून माती बसल्यावर काजूत रोटर घातला तर निम्मं काम तिथेच झालं, अर्थात वाळपईला पाऊस पडायची वाट बघावी लागत नाय, थांबायचीच बघावी लागते.

बरं, केबिन म्हटली की हवा स्वच्छ असं पण नसतं. कंपनीच्या चांगल्या केबिनमध्ये पंखा बाहेरची हवा फिल्टरमधून आत ढकलतो आणि आत दाब थोडा जास्त ठेवतो, म्हणून फटीतून धूळ आत येत नाय, उलट हवा बाहेर जाते. युरोपात या केबिनचे चार वर्ग केलेत, पहिल्यात काहीच संरक्षण नाय, दुसऱ्यात फक्त धूळ, तिसऱ्यात धूळ आणि फवाऱ्याचे थेंब, आणि औषधाची वाफ फक्त चौथ्या वर्गात अडते, त्याला कार्बनचा फिल्टर लागतो. फॅब्रिकेटरची केबिन यातल्या पहिल्या वर्गात, ती म्हणजे नुसता काचेचा डबा.

आणि गोव्यातली सगळ्यात मोठी भानगड धूळ नाय, बुरशी. जुलैमध्ये आपल्याकडे कपाटातला चामड्याचा पट्टा हिरवा होतो, देवळातला पडदा डागाळतो, तर ओल्या सीटची, चिखलाच्या पायपोसाची, दारं लावून खोपीत आठ-आठ दिवस उभी असलेली केबिन आतून कशी होईल? एसीच्या जाळीत आणि फिल्टरमध्ये बुरशी धरली की पंखा चालू केल्यावर ती थेट नाकात. दम्याच्या माणसाला बुरशी धुळीपेक्षा सोपी असते असं कुठल्याही डॉक्टरने म्हटलेलं मी ऐकलं नाय. शंका असेल तर बाबांच्या डॉक्टरांनाच हा प्रश्न असाच्या असा विचारा. वायर कुरतडायला आत शिरणारे उंदीर हा वेगळाच विषय, त्यावर आज नको.

फवारणीचंही एक मनातून काढून टाका. केबिन घेतली की फवारणी सुरक्षित होते हे खरं आहे ते ट्रॅक्टरच्या मागे बूम स्प्रेयर लावणाऱ्यांचं. तुमच्या कुळागरात पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीच्या कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण मारतात ते पोफळीवर चढून किंवा खालून लांब गनने, आणि काजूच्या मोहरावर टी मॉस्किटो या किडीसाठी मारतात तेव्हा ट्रॅक्टर फक्त पंप फिरवतो, पाइप घेऊन माणूस झाडाखाली उभा असतो. केबिनमध्ये कोणीच नसतं! ज्याच्या अंगावर औषध येतं त्याला मास्क, चष्मा, हातमोजे पाहिजेत. तसंच माकडतापाचं, २०१५ पासून सत्तरीला तो माहीत आहे, गोचीड चावते ती बोंडू-बिया गोळा करायला खाली वाकल्यावर, तिथे केबिनचा काही उपयोग नाय.

एका बाबतीत मात्र केबिनला मानतो, आवाज. उघड्या ट्रॅक्टरवर कानाशी ९० डेसिबलच्या आसपास सहज जातं आणि ८५ च्या वर आठ-आठ तास रोज ऐकलं की कान हळूहळू जातात, आमच्या पिढीचे अर्धे ट्रॅक्टरवाले म्हणूनच घरात ओरडून बोलतात. चांगल्या केबिनमध्ये हा आवाज बराच कमी होतो. पण शेदीडशे रुपयांचे कानातले बोळे किंवा हजाराच्या आतले इअरमफ हे काम करतात, फक्त लाजायचं सोडायला पाहिजे. वीज कडाडत असताना धातूची बंद केबिन उघड्या सीटपेक्षा बरी हेही खरं, पण मे-जूनला आणि ऑक्टोबरात कापणीच्या वेळी गडगडायला लागलं की शेतात थांबायचंच कशाला, ट्रॅक्टर तिथेच सोडा आणि घरी या. झाडाखाली नको.

मग घ्यायचं काय ते आता सांगतो. तुमच्या जमिनीला २१ ते २८ एचपीमधला, फोर व्हील ड्राइव्ह, अरुंद, आणि मागची कमान दुमडता येणारा ट्रॅक्टर. फोर व्हील यावर तडजोड नको, उतारासाठीपण नको आणि चिखलासाठीपण नको. या गटात महिंद्रा जिवो २४५ आहे, २४ एचपी दोन सिलिंडर, लिफ्ट ७५० किलो. कुबोटा निओस्टार बी २४४१ आहे, तोही २४ एचपी पण तीन सिलिंडर, त्यामुळे थरथर कमी आणि बाबांच्या पाठीला बरा. जॉन डिअर ३०२८ ईएन जरा वरचा, २८ एचपी. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये ओजा सिरीज आणली, त्यात लिव्हरने पुढे-मागे करायची सोय आहे, छोट्या कोपऱ्यात सारखं मागेपुढे करणाऱ्याला ती फार सुखाची. माझा कल? तुमच्या कुळागराकडे बघून मी कुबोटा आणि जिवो या दोघांचा डेमो आधी मागवीन, पण वाळपई-फोंड्याच्या बाजूला ज्याचा मेकॅनिक फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येतो तो घेईन, मग तो तिसराच का असेना. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला आणि पार्ट बेळगावहून यायचाय असं कोणी सांगितलं की ब्रँडचं प्रेम दोन तासांत उतरतं.

डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका, तुमच्या शेतात घ्या. त्याच्या आधी टेप घेऊन फिरा, कुळागराच्या गडग्यातली वाट किती रुंद, खोपीच्या वाशाची उंची किती, काजूच्या सगळ्यात खालच्या फांद्या किती फुटांवर. केबिनवाला कुठलाही छोटा ट्रॅक्टर सात फुटांच्या आसपास किंवा वर जातो, तुमच्या काजूच्या फांद्या मला वाटतं पाचवर असतील. बिनकेबिनचा ट्रॅक्टर कमान दुमडली की खालून जातो. पण एक नियम पाठ करा, कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा, कमान दुमडली असेल तर पट्टा बांधायचा नाय, कारण उलटला तर उडी मारता आली पाहिजे. आणि फक्त काजूखाली दुमडायची, बाहेर आलं की लगेच उभी, कंटाळा येतो पण करायचं. वादळात पडलेलं झाड ओढायची वेळ आली तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच, वर टॉप लिंकला बांधली की ट्रॅक्टर मागे उलटा होतो, आणि तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाय.

उन्हापावसाला फायबरची कॅनॉपी लावा, कमानीवर बसते ती, कमानीबरोबर काढता येणारी. ऊन आणि सरळ पडणारा पाऊस एवढंच ती अडवते आणि तुमच्या कामापैकी बहुतेक दिवस तेवढंच लागतं. माडाखाली मात्र ट्रॅक्टर उभा करू नका, वरून नारळ आला तर कॅनॉपी फुटेल आणि खाली तुमचं डोकं असेल.

पैशाचं थोडक्यात. २४ एचपी फोर व्हील ट्रॅक्टर साडेपाच-सहा लाखांच्या आसपास बसतो, रोटाव्हेटर चार फुटांच्या आतलाच घ्या, मोठा दिला तर घेऊ नका, डीलर मोठा खपवायला बघतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, टायर-पार्टवरचा १८ वरून ५, तेव्हा कोटेशन नीट वाचा. सबसिडीसाठी आधी विभागीय कृषी कार्यालयात जा, बिल नंतर. केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत छोट्या शेतकऱ्याला, महिलांना आणि एससी-एसटीला ५० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ४० टक्क्यांपर्यंत मदत आहे, पण प्रत्येक मशीनला वरची मर्यादा ठरलेली असते आणि मंजुरीच्या आधी घेतलेल्या मशीनचं बिल कोणी बघत नाय. कृषी कार्ड आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा तयार ठेवा, उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, किंवा कुळाच्या रकान्यात भलतंच काही असेल, तर ते काम आजच सुरू करा, ट्रॅक्टरपेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. डीलरकडे बुदनीच्या टेस्ट रिपोर्टचं पण विचारा, मध्य प्रदेशात केंद्राची संस्था आहे ती ट्रॅक्टर तपासते, त्यात पीटीओची खरी ताकद लिहिलेली असते. विचारलंत की तुमच्याशी बोलायची पद्धतच बदलते, बघा.

बाबांना चालवू द्यायचं का? द्या की. चिखलणी द्या, कुळागरातली ट्रॉली द्या, ओल्या मातीतलं सगळं त्यांचं. इनहेलर टूलबॉक्समध्ये नाय, खिशात. कोरडं आणि मळणीचं तुमचं, आणि हे ट्रॅक्टर घरी यायच्या आधी जेवताना ठरवून टाका, नंतर सीटवरून खाली उतरवणं अवघड जातं, माझे बाबा ७५ पर्यंत उतरले नव्हते.

मेव्हण्याच्या कंटेनरला नको म्हणा. जुना परदेशी ट्रॅक्टर इथे आरटीओत नोंदवताना फेस येईल, ड्युटी वेगळी, आणि दाराची एक काच फुटली की ती परत कॅनडातूनच. त्याला काही पाठवायचंच असेल तर तिकडचा चांगला, फिल्टर बदलता येणारा हाफ मास्क पाठव म्हणावं, पी-१०० फिल्टरवाला, दोन पाठव, एक तुम्हाला मळणीला. बाबांनी घालायचा तर आधी डॉक्टरांना दाखवून, कारण त्यातून श्वास ओढायला थोडा जोर लागतो. आणि मापं घेतलीत की मला कळवा, फांद्यांची उंची खरंच पाच फूट निघते का ते बघायचंय.